गिरणीवर ठरलेला फौल

गिरणीमामांच्या मिशा काळ्या आहेत हे मला लग्न होऊन शिवाजी पेठेत आल्यावर आठ महिन्यांनी कळलं. तोवर मी त्यांना रोज बघत होते, पण बघत होते ते नखशिखांत पांढरे. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानावरचे केससुद्धा पिठानं माखलेले. बोलायला तोंड उघडलं की तेवढं एक पानानं लाल. मग एका रविवारी आमच्या दारात एक उंच, सावळा, काळ्याभोर मिशांचा माणूस येऊन उभा राहिला. धुतलेला शर्ट, डोक्याला तेल. मी पदर सावरून विचारलं, "कोण पाहिजे?" तो माणूस आत बघून ओरडला, "अगं अक्का, तुझी सून वळखंना की मला! सांग तिला, आज मॅच हाय म्हनून आंगुळ केलीया!"

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सगळी पेठ त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायला लागले. आणि गिरणीमामा हे तसे सख्खे मामा एकट्या दत्ताचे, त्यांच्या बहिणीच्या मुलाचे. आईबाप लवकर गेले म्हणून दत्ता मामांच्याच घरी वाढला. पण बाकी सगळ्या पेठेनं त्यांना मामा करून टाकलं होतं. तालमीला लागून त्यांची पिठाची गिरणी. तालमीचा फुटबॉलचा संघ, आणि संघाचा कॅप्टन हाच दत्ता.

मामांनी स्वतः आयुष्यात चेंडूला लाथ मारली नव्हती. लहानपणी पाय बैलगाडीच्या चाकाखाली आला, तो वाकडाच राहिला. पण ऑफसाइड म्हणजे काय, हँड कधी आणि कधी नाही, फौल कुठला डायरेक्ट आणि कुठला इनडायरेक्ट, हे विचारायला लोक मैदानावरनं सरळ गिरणीवर यायचे. कुणी टोमणा मारला की मामा म्हणायचे, "मला खेळता येत न्हाय म्हनून तर नियम पाठ केलं. खेळनाऱ्याला नियम लागत न्हाईत लेका, पाय लागत्यात."

रविवारी मॅच झाली की सोमवारी सकाळी गिरणीवर ही गर्दी. एरवी घरात पाण्याचा तांब्या न उचलणारे बाप्ये सोमवारी आपण होऊन दळणाचा डबा उचलायचे. "ज्वारी संपलीया जनू," म्हणायचे. डब्यात चार दिवसांचं पीठ शिल्लक असायचं, तरी आम्ही बायका मुकाट ज्वारी भरून द्यायचो. आयतं दळण येतंय तर कोण नको म्हणेल? सोमवारी आमच्या पेठेत जेवढं पीठ पडायचं तेवढं आख्ख्या आठवड्यात पडत नसेल.

वाद मिटवायची मामांची एक रीत होती. डबे ठेवायच्या फळीवर मूठभर पीठ पसरायचं, बोटानं मैदान आखायचं, दोन्हीकडं गोल, गोलसमोर चौकोन. आपली पोरं म्हणजे हरभरे, समोरची तुरी, चेंडू म्हणजे ज्वारीचा दाणा. मग ज्याचं म्हणणं आहे त्यानं दाणे हलवून दाखवायचे. एकदा असाच गोल होता की ऑफसाइड यावर भांडण रंगात आलं होतं आणि कुणीतरी बोलता बोलता एक हरभरा उचलून तोंडात टाकला. मामा कडाडले, "आरं, माझा सेंटर फॉरवर्ड खाल्लास की रं! आता गोल काय तुझा बा मारनार?" ते भांडण तिथंच मिटलं. हसून हसून लोकांना आपण कुणाच्या बाजूनं होतो तेच आठवेना.

हँडच्या फौलवर तर रोजचं रडगाणं. हाताला चेंडू लागला की लोकांच्या मते हँड झाला. मामा म्हणायचे, "हात चेंडूकडं गेला तर फौल. चेंडू हाताकडं आला तर न्हाय." हे एका पैलवानाच्या डोक्यात काही केल्या शिरेना. तेव्हा मामांनी ओंजळभर पीठ घेतलं आणि फेकलं त्याच्या हातावर. "सांग आता. तुझा हात पिठाकडं गेला का पीठ तुझ्या हाताकडं आलं?" पैलवान कोपरापर्यंत पांढरा होऊन गपगार. वर मामांनी त्याला बजावलं, "ते पीठ शेजारच्या काकूंचं हुतं. घरला जाऊन त्यास्नी मूठभर नेऊन दे."

रेफ्रीला शिव्या देणाऱ्यांवर मामांचा फार राग. कुणी म्हणालं, "मामा, रेफ्री आंधळा हाय," की मामा विचारणार, "तू कुठं बसलातास?" तो सांगणार, "वरच्या पायरीवर." "वरच्या पायरीवरनं तुला फौल दिसला?" "दिसला की!" "मग मला हितनं तुझी अक्कल दिसतीया." रेफ्रीबद्दल त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं. "फौल करनाऱ्याच्या मनात काय हाय ते देवाला दिसतं. रेफ्रीला नुसता पाय दिसतो. त्येच्यावर त्येनं शिट्टी मारायची, आनि तुमी त्येला देवाचा हिशोब इचारायचा."

आता मी यात कुठनं आले ते सांगते. पेठेतल्या एका मास्तरांनी फुटबॉलच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक मिळवून सगळं मराठीत उतरवलं होतं. शंभर पानी वही, रेघेवर रेघ, सुंदर अक्षर. मास्तर रिटायर होऊन गावी गेले, जाताना वही मामांना देऊन गेले. पण मामांची शाळा दुसरीत सुटलेली. दुकानावरची पाटी अक्षराला अक्षर लावून वाचायचे, बारीक अक्षर काही जमायचं नाही. माझं माहेर नृसिंहवाडीच्या बाजूचं, चौथी झाल्यावर मला घरी बसवलं. पण वाचायचा नाद सुटला नव्हता. शेंगदाण्याची पुडी आली की शेंगदाणे डब्यात आणि कागद माझ्या हातात. एकदा दळणाच्या रांगेत उभी राहून मी असाच पुडीचा कागद वाचत होते. मामांनी बघितलं. "वाचतीस व्हय गं सूनबाई? मग ह्ये वाच की." आणि ती वही माझ्या हातात.

बाप्यांच्या घोळक्यात नव्या सुनेनं मोठ्यांदा वाचायचं म्हणजे काय धाडस! मी अक्कांना विचारलं. अक्का म्हणाल्या, "पीठ बारीक काढून देनार असंल तर वाच म्हनावं." एवढ्यावर मला परवानगी मिळाली. त्यानंतर वाद अडला की गिरणीचा पट्टा थांबायचा, मामा हाक द्यायचे, "सूनबाई, वही!" आणि सगळी पेठ गप्प होऊन माझ्या तोंडाकडं बघायची. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं. घरात माझं कुणी ऐकत नव्हतं, आणि इथं पैलवान ऐकत होते.

ही गोष्ट सत्तरच्या पुढच्या एका सालातली. आमचा संघ फायनलला पोचला होता. समोर पलीकडच्या पेठेचा संघ, आणि त्यांचा एक उंच बॅक. त्याला सगळे लांबड्या म्हणायचे. चेंडू वर आला की हा समोरच्याच्या तोंडापर्यंत पाय उचलायचा. लागायचा नाही, पण समोरचा घाबरून मागं सरायचा. फायनलच्या आधीच्या सोमवारी दत्ता गिरणीवर आला. त्याच्या डोक्यात फक्त फायनल नव्हती. पुण्याच्या एका कारखान्याच्या संघात त्याला नोकरीसकट बोलावणं आलं होतं. ते लोक फायनल बघायला येणार होते. दत्ताची नोकरी लागली की मामांच्या जिवाला घोर नव्हता.

दत्तानं विचारलं, "मामा, त्येनं त्येंच्या चौकोनात माझ्या तोंडापतूर पाय उचलला, आनि लागला न्हाय. तर काय मिळंल?"

मामा म्हणाले, "माझ्या ध्येनात हाय तो इनडायरेक्ट." म्हणजे फ्री किक मिळते, पण सरळ गोलमध्ये मारली तर गोल धरत नाहीत. आधी दुसऱ्या कुणाचा तरी पाय लागावा लागतो. "पर थांब. चौकोनातलं हाय. वहीत बघू. सूनबाई!"

मी वही उघडली. पावसाळा होऊन गेलेला, वहीला ओल लागलेली, पानापानात पीठ बसलेलं. मी वाचायला लागले, "पुढीलपैकी कोणताही गुन्हा बचाव करणाऱ्यानं आपल्या चौकोनात केल्यास पेनल्टी किक द्यावी. लाथ मारणे. पाय घालून पाडणे. अंगावर उडी मारणे." पान उलटलं. "प्रतिस्पर्ध्याला धोका होईल असा पाय उचलणे. चेंडू सोडून वाट अडवणे."

मामांनी कान खाजवला. "पुन्हा वाच गं."

मी पुन्हा वाचलं, आधीपेक्षा मोठ्यांदा. मनात म्हटलं, वाचता यांना येत नाही आणि शंका माझ्यावर. पण एक गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगितली नाही. पान उलटताना ते माझ्या बोटाला जाड लागलं होतं. दोन पानांएवढं जाड. पण तीस माणसं माझ्याकडं बघत होती. तेवढ्यात थांबून थुंकी लावून पान सोडवत कोण बसणार?

मामांनी वहीकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "वहीत हाय म्हटल्यावर हाय. पेनल्टी."

दत्तानं रिकाम्या डब्यावर थाप मारली. "ठरलं!"

फायनलला मी आणि अक्का, दोघीही मैदानात होतो. आमच्यावेळी मैदानावर बायका हाताच्या बोटावर मोजण्याएवढ्या, पण वही वाचणारी म्हणून मामांनी मला आग्रह केला, आणि अक्कांना आग्रहाची गरज नव्हती. तोडीस तोड खेळ, गोल कुणाचाच नाही. शेवटची पाच मिनिटं राहिली आणि जे व्हायचं तेच झालं. त्यांच्या चौकोनात चेंडू वर आला, दत्ता डोकं घालायला गेला आणि लांबड्याचा पाय त्याच्या नाकासमोर. दत्ता मागं पडला. शिट्टी वाजली. सगळी पेठ उठून एकच ओरड, "पेनल्टी! पेनल्टी!"

रेफ्रीनं हात सरळ आभाळाकडं वर केला. इनडायरेक्ट.

पुढं मैदानात काय बोलणं झालं ते दत्तानंच नंतर सांगितलं. दत्ता रेफ्रीला म्हणाला, "साहेब, पेनल्टी हाय ही. गिरणीवर ठरलंय." रेफ्री राजारामपुरीत राहणारे, कुठल्याशा कचेरीत नोकरी करणारे शांत गृहस्थ. ते म्हणाले, "गिरणीवर पीठ ठरतं. इथं शिट्टी माझी आहे. खेळायचं तर खेळा." दत्ता मैदानात खाली बसला. त्याचं बघून अकराच्या अकरा बसले. गोल आठ पावलांवर, चेंडू ठेवलेला. एकानं ढकलायचा आणि दुसऱ्यानं मारायचा, एवढंच काम होतं. पण बसले. रेफ्रींनी घड्याळ बघितलं, थांबले, पुन्हा सांगितलं, पुन्हा थांबले. मग शेवटची शिट्टी मारली आणि आम्ही खेळायला नकार दिला म्हणून कप पलीकडच्या पेठेला गेला.

आमच्या लोकांनी रेफ्रीवर चपला टाकल्या. पोलिसांनी त्यांना मधे घेऊन बाहेर काढलं. त्याच कारणानं दत्ताला एक वर्षभर खेळायची बंदी आली. पुण्याच्या लोकांनी निरोप ठेवला, बंदी उठली तर कळवा.

तालमीत ठराव झाला. या रेफ्रीला नियम माहीत नाहीत, याची शिट्टी कायमची बंद करा, नाहीतर आमची पेठ खेळणार नाही. असा अर्ज फुटबॉल संघटनेकडं करायचा आणि सोबत पुरावा म्हणून वहीचं ते पान. अर्ज मान्य झाला असता तर रेफ्रीचं नाव गेलं असतं, दत्ताची बंदी उठली असती, नोकरी लागली असती. मामा म्हणाले, सूनबाईचं अक्षर चांगलं, ती पानाची नक्कल करून देईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दारात उजेडाला वही घेऊन बसले. ते पान आलं आणि पुन्हा बोटाला जाड लागलं. या वेळी मला कुणी बघत नव्हतं. मी सुई घेतली, कडेनं हळूहळू फिरवली. पिठाची खळ झाली होती, ती सुटली आणि मधनं दोन पानं निघाली. पहिल्यावर पेनल्टीच्या गुन्ह्यांची यादी संपत होती. आणि दुसऱ्याच्या तळाशी मास्तरांच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, "खालील गुन्ह्यांना मात्र इनडायरेक्ट फ्री किक."

मी आत जाऊन म्हटलं, "अक्का, चुकलं माझ्याकडनं." सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी नुसती चुलीतली लाकडं मागं ओढली, जाळ विझवला आणि म्हणाल्या, "चप्पल घाल. मी बी येतो." आमच्याकडं बायका अशाच बोलतात, "येतो, जातो."

मामांनी आमची तोंडं बघूनच पट्टा थांबवला. गिरणी बंद पडली की किती शांत वाटतं ते त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. मी म्हटलं, "मामा, पानं चिकटली होती."

"वाच."

मी वाचलं. एक एक ओळ, सावकाश. मामा खाली बघत होते. मग त्यांच्या पिठाळ तोंडावर हसू आलं, क्षणभरच. "म्हंजे माझ्या ध्येनात बरोबर हुतं." आणि लगेच ते हसू गेलं. "दत्त्याची नोकरी गेली गं."

मला रडू आवरेना. मी म्हटलं, "मामा, पुन्हा चिकटवू का? कुणाला कळणार?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. "पिठाला काय तोटा हाय हितं? चिकटवशील की. पर सूनबाई, त्या मानसाची शिट्टी जाईल. त्येनं बरोबर मारलेली शिट्टी."

अक्का म्हणाल्या, "दादा, पोरगं तुझं हाय. इचार कर."

"पोरगं माझं हाय म्हनूनच की," मामा म्हणाले. त्यांनी फळीवरचा टॉवेल घेतला, तोंड पुसलं आणि लंगडत तालमीकडं निघाले. आठवड्याच्या मधे मी त्यांच्या मिशा काळ्या बघितल्या त्या तेवढ्या एकदाच.

आम्ही दोघी तालमीच्या भिंतीशी उभ्या राहिलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. मामांनी सरळ सुरुवात केली. "अर्ज फाडा. रेफ्री बरोबर हुता. इनडायरेक्टच हुता. वहीची पानं चिकटली हुती."

आत गलका झाला. कुणी म्हणालं, "मामा, त्येनं तुला चहा पाजला व्हय?" कुणी म्हणालं, "कळलं ते कळलं, आता गप बस की. अर्ज जाऊ दे." मग एक आवाज आला, "मामा, तुला कुठं वाचाय येतंय? वाचलं कुनी ते सांग."

अक्कांनी माझा दंड धरला.

मामांचा आवाज चढला नाही. "इचारलं कुनाला? मला. सांगितलं कुनी? म्या. माझ्या ध्येनात बरोबर असताना गप कोन बसलं? म्या. मग चुकलं कुनाचं? बोला की!"

नंतर खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि दत्ता बाहेर पडला. आमच्या समोरनं गेला, पण आमच्याकडं बघितलं नाही.

त्या संध्याकाळी मामा, अक्का आणि मी सिटी बसनं राजारामपुरीला गेलो. मामा नको म्हणत होते. अक्का म्हणाल्या, "तुला एकट्याला बघून त्यो दार उघडंल व्हय?" खरंच होतं. रेफ्रीसाहेबांनी दार अर्धंच उघडलं. पेठेतली माणसं बघून त्यांचा चेहरा उतरला, मागं त्यांची बायको पदर तोंडाला लावून उभी. मामांनी हात जोडले. "साहेब, चुकलो. इनडायरेक्टच हुता."

साहेब म्हणाले, "मला माहीत आहे." मग दार पूर्ण उघडून म्हणाले, "आत या."

त्यांनी वही मागून घेतली, पहिल्या पानापासून चाळली. "कुणी उतरवलंय हे? फार छान उतरवलंय." मग चहा आला. चहा घेताना ते म्हणाले, "खरं सांगू? हात वर करताना क्षणभर मलाही वाटलं होतं, देऊन टाकावी पेनल्टी. सुखानं घरी तरी जाता येईल."

मामा म्हणाले, "दिली न्हाईसा, बरं केलंसा."

मला राहवेना. मी म्हटलं, "साहेब, वाचलं मी होतं." मामा मधेच, "अगं तुला कुनी—" पण साहेबांनी हात करून त्यांना थांबवलं. मला विचारलं, "पान जाड लागलं नाही का बोटाला?"

मी म्हटलं, "लागलं होतं."

त्यांनी बशीतला चहा संपवला आणि मामांना म्हणाले, "मुलं मैदानात बसली, पण अंगावर आली नाहीत. तेवढं मी लिहून देतो." तसं त्यांनी लिहून दिलं. दत्ताची वर्षाची बंदी सहा महिन्यांवर आली. पण तोवर पुण्याच्या लोकांनी दुसरा खेळाडू घेतला होता.

काही घरांनी मामांची गिरणी सोडली. सोमवारची गर्दी निम्म्यावर आली. दत्ता मामांच्या घरातनं बाहेर पडला, टेम्पो चालवायला लागला. दोन वर्षं तो मामांशी बोलला नाही. मामांनी त्याबद्दल कुणाजवळ तक्रार केली नाही. मी विषय काढला की म्हणायचे, "त्येचा कप गेलाय गं. माझी नुसती पत गेलीया." दत्ताचं लग्न ठरलं तेव्हा एका सकाळी तो टेम्पोतनं गव्हाची दोन पोती घेऊन गिरणीवर आला. पोती उतरवली आणि म्हणाला, "लग्नाचं हाय. बारीक पायजे." मामा म्हणाले, "लाडवाला रवाळ लागतं. तुला काय कळतंय?" मामांनी दोन्ही पोती स्वतःच्या हातानं दळली. हळदीला दत्तानं मानाचा पहिला टॉवेल मामांच्याच खांद्यावर टाकला.

हळूहळू लोकही परत आले. वादाशिवाय पेठेला करमतंय होय! पण मामांची रीत एका बाबतीत बदलली. वही काढली की आधी ते म्हणायचे, "सूनबाई, पानं मोज." मी पानं मोजून सांगायची, मग वाचायची. आणि त्यांना स्वतःला आठवत असलेलं वहीशी जुळलं नाही, तर तो वाद त्या दिवशी मिटायचाच नाही. "पुढच्या सोमवारी या. तवर मी इचारून येतो," म्हणायचे आणि सिटी बस धरून राजारामपुरीला जायचे. रेफ्रीसाहेबांशी त्यांची चांगलीच दोस्ती झाली. ते पुढं कितीतरी वर्षं आमच्या पेठेच्या मॅचला शिट्टी मारत होते. शिव्याही खात होते. ते चालायचंच.

ऐंशीनंतर मामांना दिसेनासं झालं. डोळ्यात मोतीबिंदू, त्यावर आयुष्यभराचं पीठ. ऑपरेशनला नकार. तरी रविवारी अंघोळ करून मैदानात यायचेच. अक्का तेव्हा राहिल्या नव्हत्या. मी मामांच्या शेजारी बसून काय चाललंय ते सांगायची, आणि ते माझ्यापेक्षा आधी ओरडायचे.

मामा गेले त्याच्या आदल्या हंगामातली एक मॅच. आमच्या पोराला त्यांच्या चौकोनाच्या कडेला पाडलं. रेफ्रीनं बाहेर फ्री किक दिली, पेनल्टी नाही. झालं, सगळी पेठ खवळली. चारी बाजूंनी माणसं उठली. ज्यांची पाठ होती त्यांनाही फौल आत झालेला दिसला, शेंगा सोलत होते त्यांनाही दिसला. घोळका मामांकडं आला. "मामा, आत हुता का भाईर?"

मामा म्हणाले, "मला काय दिसतंय? सूनबाईला इचारा."

आता मी काही नवी सून राहिले नव्हते. केस पिकायला लागले होते. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. "वैनी, आत हुता की न्हाय? तुमी सांगा, आत्ताच्या आत्ता रेफ्रीला गाठतो."

आत म्हटलं असतं तर त्यांनी मला डोक्यावर घेतलं असतं. बाहेर म्हटलं असतं तरी मामांची शिष्या म्हणून चाललं असतं. पण खरी गोष्ट अशी की पुढच्या माणसाचा फेटा मधे आला होता.

मी म्हटलं, "मला नाही दिसलं."

आमच्या मैदानावर हे वाक्य कधी कुणी उच्चारलंच नव्हतं. एकजण चिडून म्हणाला, "आँ? दिसलं न्हाय म्हंजे? बसलाय कशाला मग हितं?"

आणि मामा हसायला लागले. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, इतके हसले. माझ्या पाठीवर थाप मारून त्या सगळ्या घोळक्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जावा लेकांनो, बसा आपापल्या जागंवर. आख्ख्या मैदानात येक मानूस खरं बोललंय. मॅच बघू द्या तिला."